ऊन कुणाचं, मलम कुणाचं

ऊसतोडीला निघालेल्या बाईच्या अंगावर साडी असते आणि साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा सदरा. डोक्याला रुमाल करकचून बांधलेला. बीड जिल्ह्यात हे इतकं रोजचं आहे की त्याकडे कुणी थांबून पाहत नाही. सदरा घालायचा तो पात्यापासून वाचायला. उसाचं पान कापतं, आणि त्याची बारीक कूस घामात भिजली की दिवसभर अंग खाजतं. उन्हाचा विचार त्यात कुणी केलेला नसतो.

समजा, एखादीनं तो केला. मुंबईत त्वचारोगशास्त्राचं एम.डी. करणारी एक मुलगी धारूर तालुक्यातल्या आजोळी येते आणि मामांना सांगते, की प्रबंधासाठी मला या सदऱ्याच्या आतली आणि बाहेरची कातडी तपासायची आहे. मामा निवृत्त शिक्षक. दिवाळी सरली की अर्धा वर्ग आईबापांबरोबर कारखान्यावर निघून जातो, हे त्यांनी नोकरीभर पाहिलेलं. मामा-भाची या लेखापुरती उभी केलेली आहेत. ती एकमेकांपुढे टाकतात ते पुरावे मात्र छापील आहेत.

"म्हणजे कातडी म्हातारी कशानं होती ते तू शोधणार," मामा म्हणाले.

"उन्हानं किती होते ते."

"त्याला एम.डी. कशाला लागतंय? इथली बाई चाळिशीत साठीची दिसायलीय. आंधळ्यालाबी कळंल."

"दिसते ना. पण त्यातलं उन्हाचं किती, अंगात रक्त नसण्याचं किती, चुलीच्या धुराचं किती आणि मिसरीचं किती, हे कुणी वेगळं करून पाहिलंय का?"

मामा गप्प राहिले, पण पटल्यामुळे नव्हे. शिक्षकाची सवय अशी, की विद्यार्थ्याला आधी पूर्ण बोलू द्यायचं.

ती बोलली. एकाच माणसाच्या अंगावर एकाच वयाच्या दोन कातड्या असतात, दंडाच्या आतल्या बाजूची आणि चेहऱ्याची. त्यांच्यातला फरक हा बराचसा उन्हाचा हिशेब. त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलं. ६९ वर्षांचा एक ट्रकचालक, २८ वर्षं मालाची गाडी चालवलेला. चेहऱ्याची एक बाजू वयाला शोभेल अशी, आणि खिडकीकडची बाजू जाड, लोंबलेली, खोल चरे पडलेली. अतिनील किरणांतले लांब लहरींचे यूव्हीए किरण काचेतून आत येतात, आणि कातडीच्या वरच्या थरात न थांबता खाली जिथे कोलॅजनचे तंतू असतात तिथवर पोचतात. आखूड लहरींचे यूव्हीबी किरण बहुतांशी वरच अडतात, भाजतात आणि पेशींच्या डीएनएला धक्का लावतात. कोलॅजन कसं तुटतं हेही आता माहीत आहे. मिशिगन विद्यापीठातल्या गॅरी फिशर आणि जॉन व्हूरहीस यांच्या गटानं १९९० च्या दशकात दाखवून दिलं, की ऊन लागलं की कातडी स्वतःच कोलॅजन तोडणारी विकरं तयार करते, आणि त्यासाठी भाजण्याइतकं ऊनही लागत नाही.

"त्याचा डावा गाल असंल," मामा म्हणाले. "अमेरिकेत चालक डावीकडं बसतो."

"हो, डावाच."

"मग आपल्याकडं उजवा बघ. ट्रॅक्टरला तर काचच नसती." एवढं बोलून मामांनी खरी हरकत काढली. "पण तो गोरा होता ना? ही सगळी गोऱ्यांची कातडी झाली, पोरी."

हरकत जागच्या जागी बसणारी होती. १९७९ मध्ये काइडबे, क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी काळ्या आणि गोऱ्या माणसांच्या बाह्यत्वचेतून किती किरण पार जातात ते मोजलं. गोऱ्या कातडीतून यूव्हीबीचा सुमारे २४ टक्के भाग खाली गेला, काळ्या कातडीतून ७.४ टक्के. मेलॅनिन फुकटात मिळालेली छत्री आहे, आणि बीडचा माणूस या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. सनस्क्रीननं म्हातारपण लांबतं याचा आजवरचा सर्वांत भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावचा. ॲडेल ग्रीन यांच्या गटानं तिथे ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांचा साडेचार वर्षं माग काढला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या कातडीवर वार्धक्याच्या खुणा २४ टक्के कमी दिसल्या. पण तो क्वीन्सलंड प्रांत, तिथली वस्ती बहुतांशी गोरी, आणि मोजल्या त्या मुख्यतः सुरकुत्या. सावळ्या कातडीवर सुरकुत्या उशिरा येतात; आधी येतात डाग, काळवंडणं, गालावरचा वांग. म्हणजे नॅम्बरची मोजपट्टी जशीच्या तशी धारूरला आणली, तर नको तेच मोजलं जाईल.

"हेच तर म्हणायलोय मी," मामा म्हणाले.

"आणि मीही तेच म्हणते. म्हणून इथे मोजायचं."

इथे तिनं एक नाव काढलं, जे मराठी वाचकाला माहीत असायला हरकत नव्हती आणि जे फारसं कुणाला माहीत नाही: मधुकर पाठक. हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि बोस्टनचं मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल इथे थॉमस फिट्झपॅट्रिक यांच्याबरोबर पाठकांनी ऊन आणि कातडी या एकाच विषयात आयुष्य घातलं. १९५९ मध्ये दोघांचा सोरालेन या द्रव्यांवरचा निबंध आला. १९६२ मध्ये पाठक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की लांब लहरींच्या अतिनील किरणांनी आणि डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशानंही माणसाच्या कातडीत रंगद्रव्य तयार होतं. १९६९ मध्ये त्यांनी पाबा हे द्रव्य अल्कोहोलमध्ये मिसळून उन्हाच्या भाजण्यापासून कसा बचाव होतो ते सिद्ध केलं. पुढची काही वर्षं सनस्क्रीन म्हटलं की पाबा असा जमाना होता. नंतर त्याची ॲलर्जी आणि कपड्यांवरचे पिवळे डाग नडले आणि पाबा मागे पडला. १९७४ मध्ये सोरालेनची गोळी आणि यूव्हीए प्रकाश यांनी सोरायसिसवर उपचार करण्याची पद्धत, म्हणजे 'पुवा', ज्या निबंधानं जगापुढे आली, त्यावरही पाठकांचं नाव आहे. त्याच वर्षी 'सनलाइट अँड मॅन' हा जाडजूड ग्रंथ निघाला, तोही त्यांच्या संपादनात.

"सोरालेन म्हंजे काय?"

"बावची."

मामा हसले. बावची त्यांना शिकवायची गरज नव्हती. रानात तण म्हणून उगवते, कोडावर लावतात, आणि लावून उन्हात बसलं की कधीकधी टरारून फोड येतात. तिच्या बियांतलं जे द्रव्य उन्हाशी संगनमत करून हे करतं, तेच सोरालेन. पुवानं हजारोंचा सोरायसिस आटोक्यात आणला. पुढे रॉबर्ट स्टर्न यांनी अमेरिकेतल्या १,३८० रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला, तेव्हा हेच उपचार भरपूर घेतलेल्यांत एका प्रकारचा त्वचेचा कर्करोग वाढलेला दिसला. उपचाराच्या उन्हानंही कातडी पिकते.

१९६२ चा तो निबंध मात्र आज पुन्हा नवा झाला आहे. २०१० मध्ये अमेरिकी संशोधकांनी सावळ्या आणि काळ्या कातडीवर साधा दृश्य प्रकाश टाकून पाहिला. कातडी गडद झाली आणि ती गडद छटा टिकली. गोऱ्या कातडीवर तसं झालं नाही. वांग असलेल्या बाईला नेहमीचं पारदर्शक सनस्क्रीन पुरं पडत नाही, त्याचं हे एक कारण. दृश्य प्रकाश अडवायला रंगीत सनस्क्रीन लागतं आणि त्यात आयर्न ऑक्साइड घालतात.

"आयर्न ऑक्साइड म्हंजे काव की गं! मग भिंतीला लावतात ती काव तोंडाला फासून ऊस तोडायचा का?"

"नाही मामा. भिंतीच्या कावेत माती असते, आणखी काय काय असतं. पण तुम्ही हसताय ते रसायन तेच आहे."

मग मामांनी फळ्यावरचं गणित काढलं. प्रयोगशाळेत सनस्क्रीनचा एसपीएफ मोजतात तो चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या थरावर. तेवढा थर सगळ्या अंगाला द्यायचा तर एका वेळेला ३० मिलिलीटरच्या आसपास लागतं. नुसतं तोंड, मान आणि हात धरले तरी ५० ग्रॅमची ट्यूब काही दिवसांची सोबती. ती चार-पाचशे रुपयांना. ऊसतोडीचा दर जानेवारी २०२४ च्या करारानंतर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. म्हणजे एका ट्यूबपायी टनाहून जास्त ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहायच्या. तेही घामानं धुऊन जाणार.

याला भाचीकडे उत्तर नव्हतं आणि तिनं ते असल्याचा आव आणला नाही. ती सदऱ्यावर आली. धुऊन धुऊन विरलेल्या पांढऱ्या सुती कापडातून बरेच किरण पार होतात. एसपीएफसारख्या आकड्यात त्याचं संरक्षण ५ ते ७ च्या घरातलं, आणि घामानं ओलं झालं की आणखी कमी. तेच कापड घट्ट विणीचं आणि गडद रंगाचं असलं तर कितीतरी पटीनं चांगलं. म्हणजे नवऱ्याच्या कपाटातला कुठला सदरा घालायचा, एवढाच प्रश्न. दुसरा उपाय सावलीच्या नियमाचा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की अतिनील किरण जोरात आहेत असं समजायचं. त्याला ना यंत्र लागतं ना मोबाइल. बीडला मेच्या मध्याला भर दुपारी सावली पायाखालीच जाते. थंडीतलं ऊन गोड लागतं, पण तो गोडवा उष्णतेचा असतो. किरणांची जाणीव कातडीला होतच नाही.

"आता माझं ऐक," मामा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "२०१९ मध्ये सरकारनं समिती नेमली. आपल्या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तेरा हजार! पाळी आली की खाडा, खाडा झाला की पैसे कापायचे, म्हणून. आणि तू तिच्या गालावरचे डाग मोजायला निघालीस."

या वाक्यापुढे कुठलाही त्वचारोगतज्ज्ञ अडखळेल, आणि अडखळावंच. प्रस्तुत लेखकाच्या मते प्राधान्याच्या वादात मामा बरोबर आहेत. गर्भाशय, रक्तक्षय, कोपीवरचं (ऊसतोड्यांच्या झोपडीतलं) बाळंतपण, उष्माघात, ही यादी वांगाच्या आधी येते. भाचीनं एवढंच म्हटलं, की या बाईची तपासणी करायला कुणीच जात नाही ही खरी अडचण. कातडीच्या निमित्तानं कुणी गेलं तर तिचं हिमोग्लोबिनही मोजता येतं, डोळ्यांतला मोतीबिंदूही पाहता येतो, आणि मोतीबिंदूतही उन्हाचा वाटा असतोच. आणि उन्हातल्या मजुरीची कातडीला मोजावी लागणारी किंमत हा नटण्यामुरडण्याचा विषय आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेलाही वाटत नाही. तिच्या आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात १६० कोटी माणसं उघड्यावर काम करताना अतिनील किरणांना सामोरी गेली, आणि अशा कामामुळे झालेल्या मेलॅनोमाखेरीजच्या त्वचा-कर्करोगानं सुमारे १९,००० जण दगावले. आपल्या कातडीला तो धोका कमी. कमी म्हणजे शून्य नाही.

मुळात हे शास्त्र सुरू झालं तेच मजुरांपासून. १८९४ मध्ये हॅम्बुर्गच्या पॉल उना यांनी खलाशांच्या उन्हा-वाऱ्यानं रापलेल्या कातडीचं वर्णन केलं. त्याच सुमारास फ्रान्समध्ये बोर्दोच्या विल्यम द्युब्रॉय यांना द्राक्षमळ्यात राबणाऱ्यांच्या तोंडा-हातांवर खरबरीत चट्टे आणि कर्करोग जास्त दिसत होते. शेतमजुरांचं पाहून ज्ञान झालं, आणि त्याची क्रीम वातानुकूलित खोलीत बसणाऱ्यांनी विकत घेतली. हे भाचीचं म्हणणं, आणि ते नीट ऐकावं असं आहे.

मामांनी ते ऐकलं आणि तिच्याच अंगावर उलटवलं.

"मग तूबी तेच करणार. मजुराची कातडी बघायची, प्रबंध लिहायचा, मुंबईला जायचं."

"मी त्यांची संमती घेईन, मामा. लेखी."

"मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेल्या माणसाची? मुकादम म्हणला बसा, तर बसतेत. मुकादम म्हणला अंगठा द्या, तर देतेत. ती संमती झाली का?"

मामांना अल्बर्ट क्लिगमन हे नाव ठाऊक नव्हतं, पण त्यांनी बोट नेमकं त्याच जागी ठेवलं होतं. क्लिगमन म्हणजे फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ. उन्हानं येणारं कातडीचं म्हातारपण हे वयानं येणाऱ्या म्हातारपणाहून वेगळं आहे, हे वैद्यकविश्वाला पटवण्यात त्यांचा वाटा फार मोठा. ट्रेटिनॉइन हे औषध आधी मुरमांवर आलं आणि १९८६ च्या सुमारास उन्हानं पिकलेल्या कातडीवरही ते काम करतं असं त्यांनी दाखवलं. आजही सुरकुत्यांवरच्या औषधांत त्याच्याइतका पुरावा फार थोड्यांच्या मागे आहे. पण १९५१ ते १९७४ या काळात त्यांचे असंख्य प्रयोग झाले ते होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर. त्यांत काळे कैदी मोठ्या संख्येनं होते. थोडे डॉलर मिळत, म्हणून ते पाठ पुढे करत. कशाची चाचणी चालली आहे हे त्यांना धड सांगितलेलं नसे. त्यात डायॉक्सिनसारखं विषही होतं. १९९८ मध्ये ॲलन हॉर्नब्लम यांच्या 'एकर्स ऑफ स्किन' या पुस्तकानं हे सगळं बाहेर काढलं. क्लिगमन २०१० मध्ये वारले. विद्यापीठाच्या वैद्यकशाखेनं माफी मागितली ती २०२१ मध्ये, फिलाडेल्फिया शहरानं २०२२ मध्ये.

भाचीनं हे सारं सांगितलं. लपवलं नाही, हे तिच्या बाजूनं नोंदवायला हवं. आणि मग दोघांत एक अट ठरली, ती मामांची. फडात जायचं नाही, कोप्यांवर जायचं नाही, मुकादमामार्फत तर मुळीच नाही. हंगाम संपून माणसं गावी परतली, हिशेब मिटला, की घरी जाऊन विचारायचं. आणि नाही म्हणालेल्यांचंही हिमोग्लोबिन तपासून द्यायचं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची नियमावली अशा परावलंबी लोकांसाठी जादा काळजी घ्यायला सांगतेच. मामांनी ती वाचलेली नव्हती.

वाद इथे संपला असता. पण मामी आतून बाहेर आल्या, आणि भाचीनं त्यांच्या गालांकडे पाहिलं. वांगाची तपकिरी छटा होतीच. पण कातडी लालसर, पातळ, बारीक शिरा दिसणारी, आणि हनुवटीवर लव वाढलेली.

"मामी, तोंडाला काय लावता?"

मामींनी कपाटातून एक चपटी ट्यूब आणून दिली. दुकानदारानं चिठ्ठीशिवाय दिलेली. वर्षापासून रात्री लावतात. लावली नाही की तोंडाची आग होते. भाचीनं बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन.

हे मिश्रण कुठून आलं, त्याची कथा मामांच्या सगळ्या हरकतींहून जास्त बोलकी आहे. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी रंग उतरवण्याचं एक सूत्र प्रसिद्ध केलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. काळ्या पुरुषांच्या निरोगी कातडीचा रंग त्यानं उतरवून दाखवला होता. स्टेरॉइड बदलून तेच सूत्र आज वांगावर देतात. डॉक्टरच्या देखरेखीखाली काही आठवडे वापरलं तर त्याचा उपयोग होतो. महिनोन्‌महिने चोपडलं, की स्टेरॉइड कातडी पातळ करतं, शिरा वर आणतं, लव वाढवतं, आणि सोडायला गेलं की आग करतं. मग बाई ते सोडतच नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या १२ केंद्रांच्या एका अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण तोंडाला स्टेरॉइड लावत असल्याचं आढळलं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. दुकानात त्यानं किती फरक पडला, हे मामींच्या कपाटातल्या ट्यूबवरून ज्यानं त्यानं ठरवावं.

मामा बराच वेळ ट्यूबवरची अक्षरं वाचत राहिले. "म्हंजे हे आपल्या घरात आधीच आलंय," ते म्हणाले.

हा श्रीमंतांचा विषय आहे, हे त्यांचं म्हणणं तिथे गळालं. सनस्क्रीन धारूरपर्यंत पोचायच्या आत उन्हाच्या शास्त्रातलं सगळ्यात जपून वापरायचं औषध तिथे पोचलं आणि सोबतच्या सूचना वाटेत गळून पडल्या. ज्या जिल्ह्यात हे घडतं, त्या जिल्ह्यातल्या मुलीनं हा विषय आयुष्यभरासाठी घ्यायला हरकत नाही, किंबहुना घ्यावाच, असं प्रस्तुत लेखकाला वाटतं. मात्र सुरकुत्या मोजायला नव्हे. वांग, ओठ, डोळे, सदऱ्याचं कापड आणि दुकानातली ट्यूब, हे तिचे पाच धडे. संमतीबाबत मामांची अट कायम.

तोवर वाचकानं आपल्या घरातलं कपाट उघडून पाहावं. तोंडाला लावायच्या ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी एक जरी नाव दिसलं आणि ती डॉक्टरांनी लिहून दिलेली नसेल, तर नवी आणू नये. बरेच महिने लावत असाल तर मनानं एकदम बंदही करू नये, आग भडकते. ओठावर किंवा तोंडावर महिनाभर न भरणारी जखम असेल तर ट्यूब लावून वाट पाहू नये. बीड जिल्ह्यातल्यांना अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे केसपेपर काढून त्वचारोग विभागात जावं, आणि जाताना ती ट्यूब सोबत न्यावी.